कोंडून घेतलेला म्हातारा, दर बुधवारी

मला कोणी अभिनय शिकवायला येऊ नका. उभी हयात मी नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होतो. प्रॉम्प्टर म्हणजे विंगेत स्टुलावर बसून, मांडीवर संहिता ठेवून, विसराळू नायकांना त्यांची वाक्यं कुजबुजणारा माणूस. नायक रडायचे माझ्या कुजबुजीवर, प्रेक्षक हुंदके द्यायचे माझ्या कुजबुजीवर, आणि टाळ्या मात्र तिसराच घेऊन जायचा! त्यामुळे पोलिसांच्या प्रशिक्षण केंद्राला एक म्हातारा हवा आहे असं कळलं, तेव्हा मी छाती पुढे काढून गेलो. म्हटलं, घ्या, तयार म्हातारा. रंगभूषेचाही खर्च नाही.

काम काय, ते आधी सांगतो. केंद्राच्या मागच्या मैदानात एका मोठ्या शेडखाली त्यांनी खोटं घर बांधलंय. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, बोळ आणि टोकाला एक झोपायची खोली. घराला छप्पर नाही. त्याच्या जागी लोखंडी पायवाट आहे, आणि तिच्यावरून उस्ताद, म्हणजे तिथले प्रशिक्षक, फिरत फिरत खाली काय चाललंय ते बघतात. खाली नवे शिपाई शिकतात, की समोरच्या माणसावर बळ कधी वापरायचं, किती वापरायचं, आणि मुख्य म्हणजे कधी वापरायचं नाही. उस्तादांनी त्याची शिडी करून ठेवली आहे. पहिली पायरी नुसतं समोर उभं राहणं. दुसरी बोलणं. तिसरी हात. चौथी काठी. त्याच्या वरच्या पायऱ्या ते सांगतात तेव्हा त्यांचा आवाज आपोआप खाली येतो. "शिडी चढायला माकडालाही येतं," असं ते दर तुकडीला ऐकवतात. "मला खालच्या दोन पायऱ्यांवर तासभर उभा राहणारा माणूस हवाय."

माझी भूमिका होती स्वतःला खोलीत कोंडून घेतलेल्या म्हाताऱ्याची. बायको वारलेली, मुलगा लांब, त्याचा फोन येत नाही, म्हाताऱ्याने खाणंपिणं सोडलेलं, शेजाऱ्यांनी घाबरून पोलिसांना बोलावलेलं. शिपायाने दाराबाहेर उभं राहायचं आणि बोलून बोलून म्हाताऱ्याला दार उघडायला लावायचं. माझी खरोखरची बायको खरोखर वारलेली आहे आणि खरोखरचा मुलगा खरोखर लांब आहे, त्यामुळे पाठांतराची कटकट नव्हती. उलट मी उस्तादांना म्हटलं, अहो, ही भूमिका माझ्या अंगावर बेतूनच शिवलीय.

घोडं पेंड खायचं ते वेगळ्याच ठिकाणी. मी दार फार लवकर उघडायचो!

बाहेरून कोणी हळूच टकटक करून "काका, बरे आहात ना?" म्हटलं, की माझा हात कडीकडे निघायचा. आणि "काका, जेवलात का?" म्हटलं की कारभारच आटोपला. त्याला कारण आहे. प्रयोग संपवून मी अपरात्री घरी यायचो, तेव्हा बायको झोपेतच, डोळे न उघडता हेच विचारायची. उत्तर ऐकायच्या आत पुन्हा घोरायला लागायची, पण विचारायची रोज. ती गेल्यापासून हे दोन शब्द मला कोणी विचारले नव्हते. आता इथे दर बुधवारी गणवेशातली धट्टीकट्टी पोरं रांगेने येऊन विचारायला लागली, तर माणसाने करायचं काय?

शेवटी उस्तादांनी मला बाजूला घेतलं. माणूस तसा सभ्य. म्हणाले की काका, पुढच्या बुधवारी परीक्षा आहे आणि तुम्ही लोण्यासारखे विरघळता. बाहेरच्या जगातले म्हातारे असे विरघळत नाहीत. म्हातारा विरघळला असं मला वाटलं तर मी ते पास धरणार नाही, आणि मला दुसरा म्हातारा बघावा लागेल.

आता तुम्ही म्हणाल, बघू दे की! पण माझ्या आठवड्याचा हिशेब तुम्हाला माहीत नाही. गुरुवारी घरात मी आणि फ्रिज. फ्रिज मधूनच घरघरतो आणि मी "काय रे?" म्हणतो. शुक्रवारी तेच. शनिवारी मी भाजीवाल्याकडे मुद्दाम दोन फेऱ्या मारतो, म्हणजे दोनदा बोलणं होतं. रविवारी फोन शेजारी घेऊन बसतो, कारण मुलाला सवड झालीच तर ती रविवारी होते. सोमवारी बसत नाही. मंगळवारी शर्टाला इस्त्री करतो. अशी सगळी चढण चढून मी बुधवारावर पोचायचो. तो बुधवार गेला असता तर नुसते सहा दिवस उरले असते, आणि ते कुठेच जात नव्हते.

तेव्हा मी कानाला खडा लावला. या बुधवारी काही झालं तरी विरघळायचं नाही.

परीक्षेला माझ्या वाट्याला आली हळूबाई. हे नाव तिला तुकडीने दिलं होतं, कारण तिचं बोलणं कोणाला ऐकूच जायचं नाही. हजेरीला ती "हजर" म्हणायची आणि उस्ताद तिला गैरहजर धरायचे. अंगाने मात्र चांगली उंच, खांद्याने भक्कम. मला तिचं सगळं ऐकू यायचं. आयुष्य कुजबुजीत गेलेल्या माणसाचे कान तयार असतात. चहाच्या टेबलाशी तिने मला सांगितलं होतं, की एकदा ती नापास झालीय आणि ही शेवटची संधी. इथून परत पाठवली तर घरचे काही बोलणार नाहीत, फक्त एकमेकांकडे बघतील, आणि तेच तिला नको होतं. मी तिला म्हटलं, पोरी, तू फक्त बोलत राहा, बाकी मी बघतो. हे वाक्य मी आयुष्यात अनेक नायकांना म्हटलेलं आहे, आणि त्यांतले बरेच पुढे तोंडावर आपटले, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

तयारी मी जय्यत केली. दार नवंकोरं होतं. आधीच्या तुकडीत दारफोड्या नावाचा एक हत्ती होता. तो शिडीच्या पहिल्या पायरीवरून थेट लाथेवर जायचा, आणि त्याने जुनं दार फोडून ठेवलं होतं. तोही नापास होऊन याच तुकडीत आला होता. सुताराने आता जाड फळ्यांचं दार बसवलं होतं, आतून लोखंडी कडी. कडी जरा घट्ट होती, पूर्ण बसेना. मी विचार केला, अर्धवट लावलेली कडी म्हणजे अर्धवट अभिनय! खोलीत सजावटीला जुनी इस्त्री होती. तिने मी कडीवर तीन-चार दणके घातले. कडी बसली. जरा वाकडी झाली, पण अशी बसली की मला स्वतःचाच अभिमान वाटला.

दुसरी तयारी शिट्टीची. माझ्यासारखी भूमिका करणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात तिथे लाल शिट्टी असते. काही खरोखरच बिघडलं तर ती फुंकायची, की सगळं जागच्या जागी थांबतं. नुसतं ओरडून थांबत नाही. का, तर भूमिकेतला माणूसही "थांबवा, सोडा मला" असं ओरडतच असतो, मग खरं कुठलं नि खोटं कुठलं? म्हणून शिट्टी. पण मला सांगा, स्वतःला कोंडून घेतलेला दुःखी म्हातारा गळ्यात लाल शिट्टी घालून बसेल का? मी ती काढून कोटाच्या खिशात टाकली आणि कोट बाहेर बोळातल्या खिळ्याला टांगला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

खेळ सुरू झाला. हळूबाई दाराशी आली, तिने टकटक केली. वर पायवाटेवर उस्ताद आणि त्यांच्या मागे सगळी तुकडी. तिने आपलं नाव सांगितलं, मी मदतीला आलेय म्हणाली. वरून उस्ताद गरजले, "आवाज!" तिने पुन्हा तेच म्हटलं, त्याहून हळू. मी आतून फटकारलं, निघून जा, मला कोणाची गरज नाही. ती गेली नाही. पाठ टेकून दाराशी बसली असावी, कारण आवाज खालून यायला लागला. मुलाबद्दल विचारलं. मी म्हटलं, त्याला वेळ नसतो. तो लहान असताना कसा होता विचारलं. हे संहितेत नव्हतं! मी सांगत बसलो, की तो विंगेत माझ्या स्टुलाखाली झोपायचा आणि टाळ्या झाल्या की दचकून उठायचा. मग तिने ते दोन शब्द विचारलेच. माझा हात उठला. मी तो दुसऱ्या हाताने धरून खाली आणला. वर पाहिलं तर उस्तादांनी डोळे वटारले, कारण खेळात वर बघणं हा मोठा गुन्हा. पण चेहऱ्यावर समाधान होतं. म्हातारा टिकला होता!

असा बराच वेळ गेला. आता शरण यायला हरकत नव्हती, आणि खरं सांगायचं तर घाईही होती. धसक्याने मी सकाळपासून चहावर चहा ढोसले होते. मी डोळे पुसल्यासारखं केलं, सावकाश उठलो, कडीला हात घातला आणि ओढली.

कडी हलली नाही.

दोन्ही हातांनी ओढली. पाय भिंतीला लावून ओढली. इस्त्रीने उलटीकडून ठोकली, तर ती आणखीच आत गेली.

"अगं, कडी अडकलीय," मी म्हटलं.

"अडकल्यासारखं वाटतंय ना, काका?" बाहेरून मऊ आवाज आला. "कधीकधी सगळ्यांनाच वाटतं."

"वाटत नाहीये! खरंच अडकलीय. दार उघडत नाहीये!"

"ठीक आहे. तुमची तयारी झाली की उघडू. मी इथेच आहे."

समोरच्याचं बोलणं खोडायचं नाही, त्याचा राग समजून घ्यायचा, हे उस्तादांनी त्यांना घोकून घोकून शिकवलं होतं, आणि पोर ते मन लावून शिकली होती. मी जितका ओरडत होतो, तितकी ती मला समजून घेत होती. शेवटी नाइलाजाने मी म्हटलं, अगं बाई, मला जायचंय! तर ती कळवळून म्हणाली, की काका, इतक्यात जायच्या गोष्टी करू नका, तुमचं वय काय आहे असं. मी थेट वर बघून हात जोडले. उस्तादांनी पुन्हा डोळे वटारले आणि मागे वळून तुकडीला काहीतरी समजावलं. बहुतेक, बघा, याला म्हणतात भूमिकेत शिरणं. दारफोड्या चक्क डोळे पुसत होता. एरवी दार दिसलं की लाथ घालणारा हा माणूस, आज मला हवा तेव्हा रडत उभा!

मी दारावर बुक्क्या मारल्या. लाथ मारली, ती मलाच लागली. मग दमून पलंगाच्या कडेला बसलो. वर एवढी माणसं, दाराबाहेर एक, आणि माझं खरं बोलणं कोणापर्यंत पोचत नव्हतं. गेली काही वर्षं असंच चाललंय, असं माझ्या मनात आलं. कधीमधी फोन झालाच तर मी मुलाला म्हणतो, मी मजेत आहे, आणि तो म्हणतो, वा. ते पोचतं. फार वाईट वाटलं मला. ओरडायचं त्राण नव्हतं, म्हणून मी माझ्या धंद्याच्या आवाजात बोललो, जो विंगेतून फक्त एका माणसापर्यंत पोचतो.

"घरी गेलो तरी हेच आहे," मी म्हटलं. "तिथली कडी अडकलेली नाही. पण येतं कोण?"

बाहेर शांतता झाली. वरही शांतता होती, पण ती ऐकू न आल्याची होती.

मग तिने विचारलं, "काका, तुमची शिट्टी कुठे आहे?"

हे विचारणं नियमात बसत नाही. परीक्षेतल्या शिपायाला शिट्टी ठाऊकच नाही असं धरायचं असतं, त्याच्यासाठी हे घर खरं, म्हातारा खरा. तिने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

"कोटाच्या खिशात," मी म्हटलं. "कोट तुझ्यामागे खिळ्याला आहे."

पावलं गेली, पावलं आली. नंतर ती काहीतरी वरच्या दिशेने बोलली. आणि मग एक आवाज आला, तो कोणाचा हे मला आधी कळलंच नाही. शेडचे पत्रे हादरले म्हणा ना!

"काका! दारापासून लांब व्हा! पलंगावर पाय घेऊन बसा!"

मी पाय वर घेतले. पहिल्या लाथेला चौकट कुरकुरली. दुसऱ्या लाथेला सुताराचं नवंकोरं दार बिजागऱ्यांसकट आत येऊन पडलं, आणि उंबऱ्यावर हळूबाई उभी होती, तुकडीतली सगळ्यात गरीब मुलगी. तिने विचारलं, लागलं नाही ना? मी तिला आशीर्वाद द्यायला हवा होता. पण मी तिच्या बाजूने जो सुटलो, तो मैदानाच्या टोकाच्या संडासापर्यंत थांबलो नाही.

परत आलो तेव्हा सगळे ओळीने उभे होते. उस्ताद खाली उतरले होते आणि तिला झापत होते. दुसऱ्या पायरीवर इतकी छान उभी होतीस, म्हातारा अगदी उघडायच्या बेतात होता, आणि लाथ? काय गरज होती? आणि आत गडबड आहे असं वाटलं, तर मला का नाही सांगितलं?

"सांगितलं," ती म्हणाली. "दोनदा. तुम्हाला ऐकू नाही आलं."

"शिट्टी हातात होती. ती तरी वाजवायचीस."

"शिट्टीने कडी निघाली नसती. आणि काका आत एकटे होते."

उस्ताद माझ्याकडे वळले. तिथे एक रीत आहे. प्रत्येक खेळानंतर शेवटचा शब्द, ज्याच्यावर बळ वापरलं त्याचा. त्याला एकच प्रश्न विचारतात आणि त्याच्या उत्तरावर निकाल ठरतो. पण त्याआधी उस्तादांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, काका, आज तुम्ही मला खोटं पाडलंत. इतके म्हातारे झाले इथे, पण असं काम नाही बघितलं. कडीशी ती झटापट, ते हात जोडणं! जन्मभर बुधवार तुमचा. तुकडीने टाळ्या वाजवल्या. उभ्या आयुष्यात माझ्यासाठी वाजलेल्या त्या पहिल्या टाळ्या. मी त्या पूर्ण वाजू दिल्या, एवढा मोह मला झालाच.

"आता सांगा," उस्ताद म्हणाले. "बळ वापरायची गरज होती का?"

नाही म्हटलं तर माझा अभिनय खरा, बुधवार माझा, आणि ती पोर घरी. हो म्हटलं तर मी वाकडी कडी ओढणारा एक सामान्य म्हातारा. हळूबाई माझ्याकडे बघतही नव्हती. ती जमिनीकडे बघत होती, आणि घरचे कसे बघतील त्याचा सराव करत असावी.

"होती," मी म्हटलं. "कडी मीच ठोकून वाकडी केली. शिट्टी मीच बाहेर ठेवली. मी अभिनय करत नव्हतो."

"कधीपासून?"

"सुरुवातीला थोडा केला. निघून जा म्हणालो, तो."

"आणि मुलाचं? फोन येत नाही ते?"

"ते तर पहिल्या बुधवारपासून खरं आहे," मी म्हटलं. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

दारफोड्याने पुन्हा डोळे पुसले, त्याला तेवढं एक निमित्तच लागतं. उस्तादांनी बराच वेळ पडलेल्या दाराकडे बघून घेतलं आणि हळूबाईला पास केलं. तिने आभार मानले असावेत. ते मला ऐकू आले, त्यांना नाही.

माझ्याबद्दल ते म्हणाले, की काका, कोंडलेला म्हातारा आता तुम्हाला जमणार नाही, तुम्ही तोच आहात. मी कोट उचलला, शिट्टी परत केली. फाटकापर्यंत पोचलो तेव्हा मागून हाक आली. म्हणाले, एक दुसरी भूमिका आहे, बघा जमते का. बेशुद्ध माणूस. पडून राहायचं, शिपाई येतात, नाडी बघतात, कुशीवर वळवतात, अंगावर पांघरूण घालतात. संवाद नाही, कडी नाही, बिघडायला काही नाही. फक्त डोळे मिटायचे आणि काही झालं तरी बोलायचं नाही.

म्हटलं, त्यात काय! उभी हयात विंगेत गप्प बसण्यात गेलीय माझी.

मी छान बेशुद्ध पडतो, असं सगळे म्हणतात. गेल्या बुधवारी तुकडीचा शेवटचा दिवस होता. मी नेहमीसारखा जमिनीवर आडवा होतो. कोणीतरी येऊन गुडघे टेकले, मनगट धरलं, पांघरूण नीट खांद्यापर्यंत ओढलं. मग कानाशी, इतक्या हळू की वर पायवाटेपर्यंत जाणं शक्यच नव्हतं, आवाज आला, "काका, जेवलात का?"

बेशुद्ध माणसाने उत्तर द्यायचं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"नाही अजून," मी म्हटलं. "तू?"

वरून उस्तादांनी शिट्टी वाजवली.